आरणगांवची टेकडी आणि एक विलायती तबकडी

गेल्या अंकांत आम्हीं वाचकांस आश्वासन दिलें होतें कीं, अमरकोश लहानपणीं पाठ करावा कीं करूं नये, या विषयाचा उत्तरार्ध या महिन्यांत लिहूं. तें आश्वासन या खेपेस पाळतां येत नाहीं. कारण घरगुती आहे. परंतु एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या मंडळींस तें सहज समजण्यासारखें आहे, म्हणून सांगून टाकतों.

आमचा धाकटा नातू बारावीच्या वर्गांत आहे. त्यानें दोन दिवाळ्यांची ओवाळणी सांठवून एक गिटार विकत घेतली. ती माडीवर वाजूं लागली तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडले. आमच्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, परीक्षा होईपर्यंत तें वाद्य कुलपांत ठेवावें आणि गुण कमी पडल्यास विकून टाकावें. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, निदान मुलगा घरांत तरी असतो. धाकट्या सूनबाईंचें तान्हें मूल दुपारीं दचकून उठतें, ही तिसरी तक्रार. शेवटीं प्रकरण आमच्यापुढें आलें. छत्तीस वर्षें मास्तरकी केल्यामुळें घरांतील सर्व मंडळी आम्हांस न्यायाधीश समजतात. निकाल मात्र स्वतःच्या मनासारखा लागला तरच मानतात.

खरें सांगावयाचें तर आम्हीं मनांतल्या मनांत निकाल देऊन ठेवला होता आणि तो चिरंजीवांच्या बाजूचा होता. पण आरोपीचें म्हणणें ऐकल्यावांचून शिक्षा देऊं नये, हा नियम आम्हीं वर्गांतहि पाळीत असूं. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही काय ठरवायचें तें ठरवा, पण आधीं ही एक तबकडी पुरी ऐका. ही आपल्या नगरची आहे." विलायती गिटारवाल्याची तबकडी नगरची कशी, असें आम्हीं विचारलें. "शेवटचें गाणें ऐकलेंत म्हणजे कळेल," एवढेंच तो म्हणाला. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी घरांत आम्ही सगळे अजून 'नगर'च म्हणतों. तें नांव काढलें कीं म्हातारा ऐकेल, हें त्या पोरानें बरोबर ओळखलें होतें.

या गिटारवाल्याचें नांव पीट टाउनशेंड. जन्म १९ मे १९४५, लंडनच्या चिझिक भागांतला. वडील हवाई दलाच्या वाद्यवृंदांत सॅक्सोफोन वाजवीत, आई गात असे. तेव्हां स्वर घरचेच होते. तो चित्रकलेच्या विद्यालयांत शिकत असतां एका अमेरिकन सहाध्याय्यास देश सोडावा लागला आणि त्याचा तबकड्यांचा मोठा संग्रह मागें राहिला. तो संग्रह टाउनशेंडच्या हातीं आला आणि त्यांत त्याला अमेरिकेंतील काळ्या लोकांचें 'ब्लूज' नांवाचें गाणें पोटभर ऐकावयास मिळालें.

हें ब्लूज काय प्रकरण आहे, हें नातवानें आम्हांस दोन संध्याकाळीं समजावून दिलें. शिकविण्याची त्याची हातोटी बरी आहे, हेंहि त्या निमित्तानें समजलें. १८६५ सालीं अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें संपली. परंतु मिसिसिपीच्या प्रदेशांत कापसाच्या शेतांत राबणाऱ्यांचें राबणें कांहीं संपलें नाहीं. त्यांच्या कष्टाच्या गाण्यांतून हें गाणें निघालें. हँडी नांवाच्या एका वादकानें लिहून ठेवलें आहे कीं, १९०३ च्या सुमारास टटवायलर नांवाच्या आडबाजूच्या स्टेशनावर आगगाडीची वाट पाहतां पाहतां त्याला डुलकी लागली. जाग आली तों शेजारीं एक फाटक्या कपड्यांचा मनुष्य गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवीत होता आणि तेंच तें वाक्य पुनःपुन्हां म्हणत होता. सुरी सरकते तसा स्वर घसरत जातो. आमच्याकडे विचित्रवीणेवर कांचेचा गोळा फिरवितात, तीच ही युक्ति. या गाण्याचा नेहमींचा सांचा असा कीं, एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळींत तिला उत्तर द्यावयाचें. चार चार मात्रांचे बारा खंड झाले कीं एक फेरा पुरा होतो. त्यांतला गांधार आणि निषाद धड शुद्धहि नसतो आणि धड कोमलहि नसतो. तो मध्येंच कोठें तरी कण्हत राहतो.

आम्हांस तें ऐकून जातें आठवलें. आमच्या आई पहाटे दळावयास बसत आणि ओवी म्हणत, तेव्हां ओळीचा पूर्वार्ध त्याहि अशाच घोळून घोळून म्हणत. जणूं पुढचा शब्द पीठ होऊन बाहेर पडेतों थांबावयास हवें. सासरचें दुःख माणसांस सांगण्याची सोय नव्हती, म्हणून तें दगडास सांगावयाचें. मिसिसिपीच्या मजुरानें लांकडास सांगितलें, एवढाच फरक.

असें गाणें ज्यानें आदरानें आत्मसात् केलें, त्या टाउनशेंडची जगभर प्रसिद्धि मात्र वाद्यें फोडण्याबद्दल झाली, हें वाचून आम्हीं कानांतून तीं बोंडें काढून ठेवलीं. १९६४ सालीं हॅरो येथील एका दारूच्या पिठ्यांत वाजवीत असतां छत ठेंगणें होतें; गिटारची मान छतास लागून मोडली. लोक हंसले. हा चिडला आणि त्यानें ती गिटार आपटून तिचे तुकडे केले. पुढच्या खेपेस लोक तेंच पाहावयास आले. मग 'द हू' या त्याच्या मेळ्याचा तो परिपाठच झाला. आमच्याकडे खंडेनवमीस कारागीर आपल्या हत्यारास गंधफूल वाहतो, गवयाच्या घरीं तंबोऱ्यास चुकून पाय लागला तर नमस्कार करतात. तेथें ही रीत आम्हांस मानवणें शक्यच नव्हतें. या मेळ्याचा आवाजहि तसाच. १९७६ सालीं लंडनमध्यें चार्लटन येथें झालेल्या जलशांत तो १२६ डेसिबल मोजला गेला आणि जगांतील सर्वांत कर्कश जलसा म्हणून गिनीजच्या पुस्तकांत त्याची नोंद झाली. या सगळ्याचें फळ टाउनशेंडला भोगावें लागलें. त्याच्या कानांत सतत नाद घुमत राहतो आणि त्याचें ऐकणें मंदावलें आहे; हेडफोन लावून मोठ्या आवाजांत काम केल्याचा हा परिणाम, असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. नातवास हें आम्हीं मुद्दाम वाचून दाखविलें.

आतां नगरचा संबंध.

मेहेरबाबा कोण, हें आमच्या जिल्ह्यांतील वाचकांस सांगावयास नको; इतरांकरितां थोडक्यांत सांगतों. मेरवान शेरियार इराणी हें त्यांचें मूळ नांव. जन्म पुण्यास, २५ फेब्रुवारी १८९४. डेक्कन कॉलेजांत शिकत असतां हजरत बाबाजान या वृद्ध फकीर बाईंची भेट झाली आणि अभ्यास सुटला. १९१५ सालीं शिरडीस साईबाबांचें दर्शन झालें तेव्हां साईबाबांनीं त्यांना पाहतांच 'परवरदिगार' असा शब्द उच्चारला, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें आहे. पुढें साकोरीस उपासनी महाराजांजवळ राहणें झालें. १९२३ सालीं नगरपासून नऊ-दहा किलोमीटरवर दौंडच्या वाटेनें आरणगांवाजवळ, जेथें पहिल्या महायुद्धाच्या वेळची लष्करी छावणी ओस पडली होती, तेथें त्यांनीं बस्तान ठोकलें, तेंच मेहेराबाद. १० जुलै १९२५ रोजीं त्यांनीं मौन धरलें. तें ३१ जानेवारी १९६९ रोजीं पिंपळगांव माळवीजवळील मेहेराझाद येथें देह ठेवीपर्यंत, म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षें, सुटलें नाहीं. आरंभीं ते अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलत. १९५४ नंतर ती पाटीहि टाकली आणि केवळ हातांच्या खुणा राहिल्या.

आम्ही त्यांचे अनुयायी नाहीं. त्यांनीं स्वतःस अवतार म्हणविलें. त्याचा निर्णय करण्याची आमची पात्रता नाहीं आणि हें सदरहि त्यासाठीं नाहीं. परंतु एक गोष्ट शिक्षक या नात्यानें आम्हांस नेहमीं भावते. मेहेराबादेस १९२५ सालीं त्यांनीं मुलांकरितां मोफत शाळा काढली आणि तींत अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें व ब्राह्मणांचीं मुलें एका छपराखालीं बसविलीं. त्या सालीं नगर जिल्ह्यांत ही गोष्ट सोपी नव्हती.

टाउनशेंडची आणि बाबांची प्रत्यक्ष गांठ कधीं पडलीच नाहीं. १९६७ च्या सुमारास माइक मॅकिनर्नी नांवाच्या चित्रकार मित्रानें त्याला बाबांविषयीं सांगितलें. तो काळ असा होता कीं, विलायतेंतील तरुण अमली पदार्थांच्या गोळ्या घेऊन त्यांतच ईश्वर शोधीत होते. बाबांनीं १९६६ सालीं स्वच्छ बजाविलें कीं, गोळींत ईश्वर नाहीं. टाउनशेंडनें तें मानलें आणि ते पदार्थ सोडले. १९६९ मधील 'टॉमी' ही मुक्या, बहिऱ्या व आंधळ्या मुलाची गाण्यांतून सांगितलेली कथा त्यानें रचली, तिच्या वेष्टनावर बाबांचें नांव आहे. १९७१ च्या एका प्रसिद्ध गाण्यास त्यानें नांवच असें दिलें कीं, त्यांत अर्धे बाबा आणि अर्धे टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार. हे रायली पुढें पंडित प्राणनाथ यांच्याजवळ किराणा घराण्याचें गाणें शिकले. त्या गाण्याच्या आरंभीं ऑर्गनवर एकच स्वरमालिका फिरत राहते. आमच्या कानांस तो तबलजीच्या मागें चालणारा लेहरा वाटला. गुरु गेला, शिष्य त्याला कधीं भेटला नाहीं, आणि विद्या तर चालूच आहे; एकलव्याची गोष्ट आठवावी असेंच हें आहे. फरक इतकाच कीं, या द्रोणाचार्यांनीं अंगठा मागितला नाहीं. नाहीं तर गिटार कशानें वाजली असती?

१९७० सालीं टाउनशेंडनें व इतर कांहीं भक्तांनीं मिळून बाबांच्या स्मरणार्थ एक तबकडी खासगी वितरणासाठीं काढली, आणि मग आणखी एक. त्या थोड्या होत्या, म्हणून अमेरिकेंत चोरून नकला निघाल्या आणि महाग किमतीस विकल्या जाऊं लागल्या. तेव्हां तबकडी-कंपनीनें आग्रह धरला कीं, असें कांहीं सर्वांसाठींच काढावें. त्यांतून १९७२ सालीं टाउनशेंडची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली. तिचें इंग्रजी नांव 'हू केम फर्स्ट', म्हणजे 'आधीं कोण आलें'. वेष्टनावर पांढऱ्या पोशाखांत हे गृहस्थ अंड्यांच्या मोठ्या पसाऱ्यावर बूट घालून उभे आहेत! आधीं कोंबडी कीं आधीं अंडें, हा बालिश प्रश्न. पण आमच्या न्यायशास्त्रांत यालाच बीजांकुरन्याय म्हणतात आणि मोठमोठे आचार्य तेथें अडखळले आहेत. शिवाय 'हू' हें त्याच्या मेळ्याचेंहि नांव, म्हणजे श्लेष साधला. माजघरांत मात्र त्या चित्राचें स्वागत कसें झालें, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

या तबकडीवर नऊ गाणीं आहेत. बहुतेक वाद्यें त्यानें घरीं स्वतःच वाजविलीं, एकावर एक ध्वनि चढवीत. म्हणून हिला एकट्याची तबकडी म्हणावयाचें. तरी नवांतलीं दोन आसनें त्यानें मित्रांस दिलीं. एक बिली निकल्स गातो, आणि एक रॉनी लेन. आमच्या भजनी मंडळांत बुवा मधूनच वीणा दुसऱ्याच्या गळ्यांत घालतात, तसें हें. रॉनी लेनचें गाणें उत्क्रांतीविषयीं आहे: जीव प्रथम दगड होता, मग वनस्पति, कीटक, मासा, पक्षी, पशु असें करीत मनुष्य झाला. १९५५ सालीं निघालेल्या बाबांच्या 'गॉड स्पीक्स' या ग्रंथांतला हा विचार. चौऱ्यांशीं लक्ष योनींची गोष्ट ज्यानें आजीच्या मांडीवर ऐकली आहे, त्याला तो नवा वाटणार नाहीं. गंमत अशी कीं, हा गंभीर विषय तो गाडीवान वाटेनें गुणगुणतो तशा चालींत गातो. आम्हांस तें फार आवडलें. हा लेन पुढें दुर्धर रोगानें अनेक वर्षें खिळून १९९७ सालीं वारला.

पहिलें गाणें मात्र या सर्वांत श्रेष्ठ. सृष्टीच्या मुळाशीं एकच निर्मळ स्वर होता आणि तो अजून चालू आहे, असा त्याचा आशय आहे. टाउनशेंडच्या मनांत हा विचार भरविण्यांत इनायत खान यांच्या ग्रंथांचा मोठा वाटा होता. हे इनायत खान १८८२ सालीं बडोद्यास जन्मले. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानें गायनशाळा चालविणारे मौलाबक्ष हे त्यांचे मातामह. आणि नादाला ब्रह्म म्हणणारा शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर तर तेराव्या शतकांत यादवांच्या देवगिरीस लिहिला गेला. ती आमच्या नगराहून कांहीं फार दूर नाहीं. विचार कोठून निघाला, कोठें फिरला आणि चिझिकच्या पोराच्या गळ्यांतून आमच्या माडीवर कसा येऊन उतरला, याचा हिशेब करितां करितां आम्हीं तें गाणें तीन वेळां ऐकलें.

दोष दाखवावयाचे तर तेहि आहेत. आवाज पातळ आहे, उंच स्वरांत तो ताणला जातो. तालमीचा गळा नव्हे. एका गाण्यांत हॉटेलाचें नांव आणि गिटारीच्या कारखान्याचें नांव एकच, एवढ्या श्लेषावर सारें काम भागविलें आहे. दूरदेशीं हॉटेलांत बसून घरची आठवण काढणाऱ्या वादकाची ती तक्रार आहे, पण श्लेष हा अलंकार जेवणांतल्या लोणच्याएवढाच असावा. आणखी एक गाणें जिम रीव्ह्ज या अमेरिकन गवयाचें आहे. पाठ न सोडणाऱ्या विरहाचें हें साधें गाणें बाबांस फार आवडे, म्हणून तें येथें घेतलें. ज्यानें चार तपांजवळ मौन पाळलें, त्याला हें घोडेवाल्यांच्या मुलखांतलें रडगाणें कां आवडावें, याचा विचार आम्ही करीत होतों, तेव्हां नातवानेंच सुचविलें कीं, विराण्या आपल्याकडेहि संतांनींच लिहिल्या ना? आम्ही निरुत्तर झालों.

शेवटचें गाणें 'परवरदिगार'. बाबांनीं १९५३ सालीं सांगितलेली ती प्रार्थना आहे आणि मेहेराबादेस ती रोज म्हटली जाते. टाउनशेंडनें शब्दांत थोडा फेरफार करून तिला चाल लाविली. फारसी शब्द, अर्थ पालनकर्ता. जुन्या अर्जांत सरकारास 'गरीबपरवर' म्हणून मायना लिहीत, त्यांतला 'परवर' तोच. साईबाबांनीं शिरडीस उच्चारलेला शब्द विलायती गिटारीवर ऐकतांना पोटांत कांहीं तरी हललें, हें आम्हीं लपवीत नाहीं. मधला ढोलाचा भाग दणदणीत आहे, तो आम्हांस खपला नाहीं. पण आरंभ व शेवट अगदीं संथ आणि स्वच्छ आहे. ज्यानें शेंकडों सभांत गिटारी फोडल्या, तोच हात येथें तारेवर असा पडतो कीं जणूं ती उसनी आणलेली आहे आणि परत करावयाची आहे.

हें वाक्य लिहून आम्हीं लेखणी खालीं ठेवली होती. उसनी आणि परत, हे शब्द आमच्या हातून कां लिहिले गेले, तें थोड्या वेळानें लक्षांत आलें.

ही तबकडी १९७२ सालीं निघाली. त्या सालीं नगर जिल्ह्यांत कशानें काय चाललें होतें, हें आमच्या वयाच्या वाचकांस विसरतां येणार नाहीं. आम्ही तेव्हां तेरा वर्षांचे होतों आणि आमचें बिऱ्हाड पारनेर तालुक्यांत होतें. पाऊस पडला नाहीं, विहिरी आटल्या, जनावरें कवडीमोल झालीं. दुष्काळी कामांवर गांवोगांवचे लोक खडी फोडीत. ज्या अमेरिकेंतून ब्लूज निघालें, त्याच अमेरिकेंतून तांबडा मिलो आला आणि तो आम्हीं खाल्ला. भाकरी थापतां थापतां तुटे. पण आई ती तव्यावर तुकडे जोडून भाजीत.

आमच्या धाकट्या काकांजवळ मिरजेची सतार होती. तिच्याखेरीज त्यांना दुसरें व्यसन नव्हतें. घरांत अकरा माणसें होतीं. त्या वर्षाच्या अखेरीस वडिलांनीं कुटुंबाचे कर्ते म्हणून निकाल दिला कीं, सतार विकावी. तो निकाल चुकीचा होता असें आम्हांस आजहि म्हणवत नाहीं; त्या पैशांची ज्वारी आम्हीं खाल्ली आहे. सतार वाकळींत गुंडाळून काका आणि आम्ही यष्टीनें नगरास आलों. सबंध रस्ता ती आमच्या मांडीवर आडवी होती. दुकानदारानें २१० रुपये मोजले. काकांनीं पैसे घेण्याआधीं तेथेंच दुकानाच्या पायरीवर बसून सतार सुरांत लावली, एकेक खुंटी पिळून पाहिली, आणि मग हातीं दिली. "उतरलेली कशी द्यायची?" एवढेंच म्हणाले. त्यानंतर एकोणीस वर्षें ते जगले. त्यांनीं पुन्हां कोणत्याहि वाद्यास हात लावला नाहीं, कीं ओठांतल्या ओठांत सूर धरला नाहीं. सुकाळ आल्यावर वडिलांनीं दोनदां दुसरी सतार घेण्याची गोष्ट काढली. काका उठून गोठ्यांत गेले. मौन कोणी व्रत म्हणून घेतो. कोणाला तें नुसतें लागतें. आमच्या घरांत गाण्याचा विषय निघेनासा झाला, आणि पुढें तो का निघत नाहीं हेंहि पोरांस कोणी सांगितलें नाहीं. आमच्या चिरंजीवांस ही हकीकत ठाऊक नाहीं. ती ते येथेंच प्रथम वाचतील.

पुढच्या रविवारीं नातवास घेऊन आम्ही आरणगांवास गेलों. नगरांत जन्म काढून टेकडीवर जाण्याचा आमचा हा तिसराच प्रसंग. मेहेराबादेच्या मधून दौंड-मनमाडचा लोहमार्ग जातो. खालीं जुनी वसाहत आणि धुनी, रुळांपलीकडे चढावर समाधि. घुमटाच्या चार कोपऱ्यांवर चार धर्मांचीं चिन्हें आहेत. आंत भिंतींवर हेलेन डाम या स्विस चित्रकर्तीनें १९३८ सालीं काढलेलीं चित्रें आहेत, काळानें थोडीं फिकटलीं आहेत. टाउनशेंड १९७२ सालीं येथें येऊन गेला. दर ३१ जानेवारीस येथें हजारों लोक जमतात आणि दुपारीं बारापासून पंधरा मिनिटें सारे स्तब्ध बसतात. आम्ही गेलों त्या संध्याकाळीं पंधरा-वीसच मंडळी होती. आरती झाली, प्रार्थना झाली, मग एका वृद्ध परदेशी बाईंनीं गिटार मांडीवर घेतली आणि हलक्या आवाजांत दोन गाणीं म्हटलीं. नातवानें त्यांच्या बोटांवरची नजर काढली नाहीं. मध्येंच खालून मालगाडी गेली. बाई थांबल्या, गाडी पुरी जाऊं दिली आणि जेथें सोडलें होतें तेथूनच पुढें गाऊं लागल्या. उठतांना त्यांनीं नातवास खुणेनें विचारलें, वाजवितोस का? त्यानें आमच्याकडे पाहिलें.

घरीं परतलों तों दिवे लागले होते. काकू, म्हणजे त्याच काकांच्या पत्नी, आतां ८८ वर्षांच्या आहेत. माजघरांत झोपाळ्याशीं बसून वाती वळीत असतात आणि घरांतील भांडणांत सहसा पडत नाहींत. त्यांनीं नातवास हांक मारली आणि म्हणाल्या, "तें तुझें वाद्य खालीं आण." चिरंजीव वर्तमानपत्र बाजूस ठेवून ताठ बसले. नातू भीतभीत गिटार घेऊन आला. काकूंनीं ती हातीं घेतली नाहीं, नुसतें वाजवावयास सांगितलें, आणि दोन क्षण ऐकून म्हणाल्या, "खर्जाची तार उतरली आहे. महिना झाला मी माडीखालीं बसून ऐकतें आहें, रोज उतरलेली वाजवतोस. लावीत जा कीं."

त्यानें खुंटी पिळली. काकू वात वळतां वळतां मानेनें नाहीं नाहीं म्हणत राहिल्या. मग एकदां बोटें थांबलीं आणि मान होकारार्थी हलली.

निकाल असा दिला आहे: दिवेलागणीनंतर एक तास, माजघरांत, काकूंच्या समोर, परीक्षा होईपर्यंत याहून अधिक नाहीं. दुपारीं अगदीं नाहीं, तान्ह्याची झोप मोडूं नये. विकण्याचा प्रश्न दप्तरीं दाखल करून घेतला नाहीं. चिरंजीव दोन दिवस आमच्याशीं कामापुरतें बोलले. परवां तास संपल्यावरहि ते पांच मिनिटें माजघराच्या दारांत उभे होते, पण तें आम्हीं पाहिलें नाहीं असें दाखविलें.

अमरकोशाचा उत्तरार्ध पुढील अंकीं.